‘जरा स्लो आहे’ : रोज वापरून गुळगुळीत झालेल्या एका शब्दाचं परीक्षण

शुक्रवारचा पहिला खेळ सुटतो आणि घरच्या ग्रुपवर पहिला निकाल येऊन पडतो : ‘चांगलाय, पण जरा स्लो आहे.’ पाच शब्दांतला चौथा शब्द रविवारची चार तिकिटं रद्द करतो. काकू लिहिते, मग राहू दे, घरी आला की बघू. मावशी विचारते, स्लो म्हणजे कसा रे? तिला उत्तर मिळत नाही. पाठवणाऱ्यालाही ते नीटसं ठाऊक नसतं.

सिनेमावर मत देताना मराठीत इंग्रजी शब्द भरपूर वापरले जातात, आणि त्यात गैर काही नाही. ‘टाइमपास’ म्हटलं की काय पदरात पडणार ते कळतं. ‘वन टाइम वॉच’ म्हणजे एकदा बघा, दुसऱ्यांदा पैसे घालवू नका. ‘सुपर’मध्ये तर कळण्यासारखं काही नसतंच, तो नुसता आनंद आहे. ‘स्लो’ मात्र सगळ्यात जास्त राबवला जाणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा शब्द. मिक्सर जसा पाती, भांडं, मोटर वेगळी करून बघतात, तसा तो एकदा उघडून बघण्यासारखा आहे.

बाकी घरात हा शब्द बिनतक्रार चालतो. पंखा स्लो कर, गॅस स्लो ठेव, नेट स्लो आहे, पीच स्लो आहे. या प्रत्येक ठिकाणी तुलनेला काहीतरी हाताशी असतं. पंख्याच्या रेग्युलेटरवर आकडे असतात, गॅसची ज्योत दिसते, नेट काल बरं चाललेलं असतं. मुंबईत तर स्लो ही नालस्ती नाहीच. माटुंगा, शीव किंवा विद्याविहारला उतरायचं असेल तर स्लो लोकलच पकडावी लागते, फास्ट तिथे थांबत नाही. स्लो म्हणजे सगळी स्टेशनं घेणारी, एवढाच अर्थ. ज्याला ती स्टेशनं हवी आहेत त्याला तिचा राग येत नाही. राग येतो तो फास्ट समजून चढलेल्याला.

सिनेमात नेमकं हेच होतं. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये दोन तासांतल्या सगळ्या चकमकी, सगळी भांडणं आणि अर्ध्या सेकंदाचे तुकडे ठासून भरलेले असतात. फलाटावरचा इंडिकेटर फास्टचा लागतो आणि गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबायला लागते. माणूस बाहेर येऊन म्हणतो, स्लो आहे. तक्रार इंडिकेटरची असते, नोंद गाडीच्या नावावर होते.

शब्द एकच असला तरी त्याला कुठलं क्रियापद जोडलंय त्यावर माल बदलतो, आणि मराठीने इथे आपली करामत दाखवली आहे. इंग्रजीतून एक कोरडं विशेषण आलं, आपण त्याला पाच-सहा शेपट्या लावल्या. ‘स्लो आहे’ हा निकाल आहे, शिक्का मारलेला. ‘स्लो वाटला’ म्हणणारा आपल्या अनुभवाबद्दल बोलतोय, दुसऱ्याला तो तसा वाटणार नाही याला जागा ठेवतोय. ‘मधे स्लो जातो’ यात तक्रार एका पट्ट्यापुरती आहे. ‘इंटरव्हलनंतर स्लो होतो’ हा सगळ्यांत उपयोगी प्रकार, कारण यात ठिकाण सांगितलंय आणि आधी वेग होता हेही कबूल केलंय. आणि ‘स्लो घेतलाय’ ही खरी मराठी कमाई. गवई लय ‘घेतो’ तसं हे ‘घेणं’. दिग्दर्शकाला फास्ट जमत नव्हता म्हणून हा असा झाला असं म्हणायचं नाही, त्याने तो ठरवून असा केलाय, हे त्या एका क्रियापदात येतं. ‘मुद्दाम स्लो घेतलाय’ असं कुणी म्हणालं तर तो सिनेमा त्याला आवडलेला असण्याची शक्यता बरीच.

पुढचा भाग ‘जरा’. हा शब्द मापाचा वाटतो पण क्वचितच माप सांगतो. ‘जरा इकडे ये’ म्हणताना कुणी थोडंसंच यावं अशी अपेक्षा नसते, तसंच ‘जरा स्लो’मध्ये थोडेपणा नसतो, शिष्टाचार असतो. सिनेमात ओळखीचं कुणी काम करत असेल, किंवा पास फुकट मिळालेला असेल, तर ‘जरा’ हमखास येतो. ‘थोडा स्लो’ त्यामानाने प्रामाणिक. ‘स्लोच आहे’मधला ‘च’ लागला की पुढे विचारण्यात अर्थ नाही.

‘पण’ कुठे बसतो हेही बघावं. ‘स्लो आहे पण चांगला आहे’ आणि ‘चांगला आहे पण स्लो आहे’ यांत शब्द तेच आहेत. मराठीत वजन ‘पण’च्या पुढच्या वाक्यावर पडतं, त्यामुळे पहिला निरोप तिकीट काढायला लावतो आणि दुसरा काढू देत नाही. पाठवणाऱ्याने घाईत शब्द मागेपुढे केलेले असतात, वाचणारा मात्र त्यावर रविवार ठरवतो.

आता मोटर. स्लो म्हणजे नेमकं काय हळू आहे? पहिला संशय शॉटच्या, म्हणजे दोन कापांमधल्या सलग तुकड्याच्या लांबीवर जातो, आणि ती मोजता येते. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, सिनेमातली कुठलीही सलग १० मिनिटं घ्या आणि दृश्य तुटलं की बोटावर मोजा. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ६० तुकडे भरले तर सरासरी १० सेकंदांचा एक शॉट, २०० भरले तर ३ सेकंदांचा. सुरुवातीची नामावली आणि गाणी वगळून मोजायचं, नाहीतर आकडा फसवतो. अमेरिकन चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हॉलिवूडच्या सिनेमांची मोजदाद करून दाखवलं होतं की १९३० ते १९६० या काळात बहुतेक सिनेमांत ३०० ते ७०० शॉट असायचे, म्हणजे सरासरी ८ ते ११ सेकंदांचा एक. शतक संपताना ही सरासरी ३ ते ६ सेकंदांवर आली. आजच्या डोळ्याला जुना सिनेमा स्लो वाटतो त्याचं एक कारण हे. डोळ्याला दर चार सेकंदांनी नवा घास मिळायची सवय लागली आहे.

पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. याच स्टॉपवॉचने रोजची मराठी मालिका मोजून बघा. सूनबाई एक वाक्य बोलते. सासूचा चेहरा, दिराचा चेहरा, जावेचा चेहरा, परत सासूचा चेहरा आणखी जवळून, प्रत्येकाला दीड-दोन सेकंद आणि प्रत्येकावर ढोल. कापाकापीच्या हिशोबाने हा अत्यंत वेगवान कार्यक्रम आहे. बावीस-तेवीस मिनिटांच्या भागात गोष्ट मात्र उंबऱ्यावरच असते. आणि गंमत बघा, मालिकेला कुणी स्लो म्हणत नाही. ‘ताणतायत’ म्हणतात, ‘पाणी घालतायत’ म्हणतात. म्हणजे फरक कळतो, त्यासाठी शब्दही आहेत, फक्त सिनेमागृहाच्या पायऱ्या उतरताना ते आठवत नाहीत.

दुसरा पुरावा स्लो मोशनचा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं दाखवतात. कॅमेऱ्याने सेकंदाला ९६ टिपली आणि ती २४च्याच वेगाने दाखवली, तर १० सेकंदांची चाल ४० सेकंद चालते. नायक गाडीतून उतरून चार पावलं टाकतो, धूळ उडते, शर्टाचं टोक हलतं, आणि यात पाऊण मिनिट जातं. सबंध सिनेमातला हा अक्षरशः सगळ्यात हळू भाग. त्यावर शिट्ट्या पडतात, नाणी उधळली जातात, आणि बाहेर येऊन त्याच सिनेमाला लोक ‘फास्ट’ म्हणतात. तेव्हा हळूपणाची अडचण कुणालाच नाही. काय बघायचं आणि का बघायचं ते माहीत असलं की पाऊण मिनिट कमीच पडतं.

माहीत असणं ही इथली कळीची गोष्ट आहे, आणि ती गाण्याच्या बैठकीत सगळ्यांत स्वच्छ दिसते. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांपैकी एकेका मात्रेला चार-पाच सेकंद मिळतात, एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. श्रोता अस्वस्थ होत नाही, कारण सम, म्हणजे त्या फेऱ्याची पहिली मात्रा, कुठे येणार ते त्याला ठाऊक असतं आणि पुढे मध्य लय, द्रुत येणार हेही. ज्याला सम कळत नाही तो त्याच बैठकीत दहा मिनिटांत घड्याळ बघतो. सिनेमात समेची जागा दिग्दर्शकाने आधी दाखवून ठेवायची असते. ती दाखवायची राहिली तर दोष सिनेमाचा. दाखवली असून प्रेक्षक तेव्हा कोकच्या रांगेत होता, तर मग नाही.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत आणखी एक खास गोष्ट धरावी लागते. त्याचा कान नाटकावर पोसलेला आहे. नाटकात दोन अंक एकाच सोफ्याभोवती जातात, पात्रं बसतात आणि बोलतात, आणि कुणालाही ते स्लो वाटत नाही. शब्द धावत असतात ना! त्यामुळे वेग म्हणजे बोलणं हे समीकरण पक्कं बसलंय. पडद्यावर माणसं वीस सेकंद गप्प राहिली की खुर्च्या कुरकुरतात, आणि तीच माणसं दहा मिनिटं एका जागी भांडली तर ‘काय सीन आहे!’ म्हणतात. ‘स्लो’ या तक्रारीचा मोठा हिस्सा खरं तर ‘कुणी बोलत नाही’ एवढाच असतो.

जाता जाता : याच रंगभूमीवर संगीत नाटकांच्या भरभराटीत प्रेक्षकांचा लाडका इंग्रजी शब्द होता ‘वन्स मोअर’. नायिका निरोपाची वाट बघत उभी, कथानक तिथेच गोठलेलं, आणि तेच पद पुन्हा, परत पुन्हा. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. तिकीट काढून आलेला माणूस इंग्रजीत ओरडून सांगायचा की पुढे जाऊ नका. आज तो दुसऱ्या इंग्रजी शब्दात सांगतो की पुढे चला.

आता खऱ्या बिघाडाकडे. स्लो म्हटल्या जाणाऱ्या सिनेमांत दोन जाती असतात आणि स्वयंपाकघरात त्यांचा फरक एका नजरेत कळतो. बासुंदी करताना लिटरभर दूध मंद आचेवर निम्म्याच्या आसपास येईपर्यंत आटवतात. वेळ लागतो, कारण पाणी बाहेर जातंय. आमटी वाढवताना, ऐनवेळी पाहुणे आले की दोन पेले पाणी ओततात. तीही लांबते, पण पाणी आत येतंय. बसायला दोन्हीकडे तेवढंच लागतं. आटवलेला सिनेमा आणि वाढवलेला सिनेमा, या दोघांना एकच ‘स्लो’ लावला की बासुंदीचं नाव आमटीमुळे खराब होतं.

ओळखायचं कसं? प्रसंग संपला की स्वतःला विचारायचं : आता मला असं काय ठाऊक आहे, जे प्रसंग सुरू होताना नव्हतं? उत्तर ‘ती घर सोडणार नाही’ इतकं छोटं असलं तरी चालतं. काहीच नसेल आणि पुढच्याही प्रसंगाला तेच उत्तर येत असेल, तर पाणी घातलंय. वाढवलेल्या सिनेमात पाणी बहुधा दारातून आत येतं. गाडी येते, दार उघडतं, लागतं. जिना. बेल. ‘अरे, तू? ये ना.’ पाण्याचा पेला. मग मुद्दा. दोन तासांच्या सिनेमात साठेक प्रसंग धरले आणि प्रत्येकाच्या दारात २० सेकंद गेली, तर २० मिनिटं नुसती जिन्यावर खर्ची पडतात. दुसरी गळती फोनची : आपण डोळ्यांनी पाहिलेली घटना एक पात्र दुसऱ्याला फोनवर साग्रसंगीत सांगतं. तिसरी, रडून झालेल्या पात्राचं व्हायोलिनसकट पुन्हा रडणं.

आणि दुरुस्ती करायला गेलं की इथेच चूक होते. प्रदर्शनाआधीच्या खेळात चार जण ‘स्लो आहे’ म्हणाले म्हणून निर्माता कात्री लावायला सांगतो. काय कापायचं? सगळ्यांत सोपं असतं ते गप्प बसलेलं माणूस कापणं, कारण त्याने गोष्टीचा धागा तुटत नाही. फोन आणि जिने तसेच राहतात. सिनेमा बारा मिनिटांनी छोटा होतो आणि आधीपेक्षा स्लो वाटतो, कारण आता पुनरावृत्ती एकमेकींना खेटून बसल्या. किंवा शांत जागेखाली संगीत पसरतात, म्हणजे गप्प बसलेल्या बाईला आता काय वाटतंय ते बासरी सांगते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं कारणच उरत नाही.

आटवलेल्याचा नमुना जवळून बघायचा असेल तर दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्यावा. २०१४चा, ११६ मिनिटांचा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, आणि ‘स्लो आहे’ हे ज्याच्या नावाला कायमचं चिकटलंय असा. कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला असतो आणि हलत नाही. सरकारी वकील बाई कायद्याचा मजकूर एका सुरात वाचत राहतात. सुनावणी संपली की सिनेमा आरोपीला सोडून या बाईंबरोबर लोकलने घरी जातो, त्या स्वयंपाक करून सगळ्यांना वाढतात. कथानकाच्या हिशोबाने यातलं काही ‘घडलं’ नाही. वरची चाचणी लावा : बाई खलनायिका नाहीत, त्यांना फक्त हे काम लवकर उरकायचंय, हे आधी ठाऊक नव्हतं, आता आहे. त्या सपाट सुराच्या वाचनाचाही उपयोग कळतो. तारखांमागून तारखा पडणाऱ्या माणसाला कायदा जसा ऐकू येत असेल, तसाच तो प्रेक्षकाला ऐकवलाय. हे वाचन निम्मं केलं असतं तर ते नुसती माहिती झालं असतं. आणि शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा. प्रेक्षक चपला शोधायला लागतो. सिनेमा संपलेला नसतो. त्या काळोखाची सेकंदं ज्याने उठता उठता घालवली त्याला पुढचा भाग शेपूट वाटतो. बसून राहिलेल्याला कळतं की कोर्टाच्या बाहेर सगळं आरामात चालू आहे.

याचा अर्थ हलत नसलेला प्रत्येक कॅमेरा ताम्हाणेंचा असतो असं नाही. महोत्सवांच्या हवेने पडद्यावर नुसतं धुकं, चूल आणि पाठमोरा म्हातारा ठेवणारेही निघाले आहेत. त्यांना हीच चाचणी लावावी. चौथ्यांदा म्हातारा पाठमोरा बसला आणि नवं काही कळलं नाही, तर ते पाणीच, फक्त भांडं तांब्याचं आहे.

कधी कधी दोष सिनेमाचा नसतोच. तिकिटावरच्या वेळेला जाहिराती सुरू होतात, मग ट्रेलर, तंबाखूची सूचना, राष्ट्रगीत. मूळ सिनेमा सुरू होईपर्यंत बसण्याची वीसेक मिनिटं खर्च झालेली असतात, आणि ती सिनेमाच्या खात्यावर पडतात. दुसरा घोटाळा इंटरव्हलचा. आपल्याकडचा व्यावसायिक सिनेमा मध्यंतर धरून लिहिलेला असतो, तिथे गोष्टीला एक आकडा अडकवलेला असतो. काही सिनेमे मध्यंतर न धरता बांधलेले असतात. समोसे विकायचे म्हणून असा सिनेमा कुठेतरी मधेच थांबवतात, प्रेक्षक गाडी अर्ध्या चढावर बंद पडल्यासारखा बाहेर येतो आणि परतल्यावर पहिल्या गिअरपासून सुरुवात. तिसरं, उजेड आणि आवाज. शांत सिनेमा बारीक आवाजांवर चालतो : लांबचा पंप, भांड्याचा नाद, शेजारच्या खोलीतला खोकला. एसी घरघरत असेल आणि दिवा मिणमिणता असेल तर ते सगळं गळून पडतं आणि उरते ती नुसती शांतता. तिला स्लोच म्हणणार.

घरी बघणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालिका अशा लिहिलेल्या असतात की मेथी निवडता निवडता कानाने बघता याव्यात. जे घडतं ते कुणीतरी बोलून दाखवतंच. आटवलेला सिनेमा कानाने बघता येत नाही. मोबाइलमध्ये पंधरा सेकंद डोकावून वर बघितलं की एखादा अख्खा शॉट हुकलेला असतो, आणि पुढे कुणी तो समजावून सांगत नाही. धागा सुटला की सगळंच स्लो. वेग वाढवायचं बटण तर याहून घातक. दीडपट वेगाने १२० मिनिटांचा सिनेमा ८० मिनिटांत उरकतो खरा, पण चार सेकंदांचा अबोला पावणेतीन सेकंदांचाही राहत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तेवढ्या फरकाने काय होतं ते सांगायला नको. वाढवलेल्या सिनेमाला मात्र हे बटण जरूर लावावं. तो त्याच लायकीचा असतो, आणि सव्वापटीवर जिने बरे वाटतात.

बाजारात याच कामाचे इतर शब्द आहेत, त्यांची तुलना थोडक्यात. ‘लेंदी’, म्हणजे लांबलचक, हा मोजता येणारा शब्द : सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर मिनिटं छापलेली असतात, ती बघून मगच म्हणावा. ‘सैराट’ (२०१६) १७४ मिनिटांचा होता, आणि लोकांनी तो दोन-दोनदा पाहिला. त्याच्या शेवटच्या दृश्यातून आवाजच काढून घेतलाय. थिएटरात त्या शांततेला कुणी हललं नाही, स्लो तर लांबची गोष्ट. ‘ड्रॅग’ला सबब चालत नाही, ती सरळ तक्रार आहे : गोष्ट संपली होती, पुढे ओढली. ‘बोअर’ सगळ्यांत सच्चा, कारण ‘मी बोअर झालो’ यात कर्ता आपण असतो. ‘स्लो बर्न’ हा नवा माल, परीक्षणं लिहिणाऱ्यांमध्ये फिरतोय. त्याला आपल्याकडे ‘धुमसतो’ हा शब्द आधीपासून आहे आणि त्याला धूरही आहे.

मराठी शब्द काढून ठेवलेत कपाटात, पण त्यांची धार गेलेली नाही. ‘संथ’ला दोष नाही, कृष्णामाईला आपण कौतुकानेच संथ म्हणतो. ‘रटाळ’ म्हणजे तेच ते, त्याच सुरात. ‘रेंगाळतो’ म्हणजे निघायची वेळ झाली तरी दारात उभा. ‘पाल्हाळ’ बोलण्याचं असतं, तेव्हा संवादांनी लांबवलेल्या सिनेमाला तोच. ‘पसरट’ म्हणजे चार उपकथानकं, एकालाही बुड नाही. ‘ठाय लयीत आहे’, म्हणजे गाण्यातल्या संथ लयीत, असं म्हटलं तर ग्रुपवरची भाची हसेल, पण गाणं ऐकणाऱ्या आजोबांना नेमकं कळेल. यातला कुठलाही शब्द घ्यायचा तर आधी सिनेमाकडे वळून बघावं लागतं. कदाचित म्हणूनच ते मागे पडले. ‘स्लो’ला काही आठवावं लागत नाही.

वापरायचाच असेल तर वापरा, शब्द टाकाऊ नाही. त्याच्यासोबत फक्त एक ठिकाण, एक माप आणि कुठलं क्रियापद लावतोय याचं भान द्या. मावशीने विचारलं, स्लो म्हणजे कसा रे, तर साधारण असं लिहिता येईल : ‘मावशी, दोन तास पाच मिनिटं आहे. गाणं एकच. पहिली चाळीस मिनिटं फारसं कुणी बोलत नाही, इंटरव्हल भलत्याच ठिकाणी येतो. मधे ती खिडकीत नुसती बसलेली आहे तो भाग लांब घेतलाय, पण तिथे डोळे मिटू नकोस, शेवटी तेच लागतं. काकांना नेऊ नकोस. सकाळच्या खेळाला जा, आणि जेवून जाऊ नकोस.’